सुरक्षित उंची

मामाचा फोन कामाच्या वेळात आला म्हणजे नात्यातलं कुणीतरी गेलं असणार, असं समजून ती भर बैठकीतून उठली आणि कॉरिडॉरमध्ये आली. कुणी गेलं नव्हतं. "अगं पट्टी, एक सांग," मामा म्हणाला. मागे कुणीतरी भिंत फोडत होतं. "वायरमन आलाय. बोर्ड किती उंचीवर लावू म्हणून विचारतोय. सकाळी ती पालिकेची गाडी फिरून गेली भोंगा लावून, की खालच्या काठावरच्या सर्वांनी विजेचे बोर्ड सुरक्षित उंचीवर बसवून घ्यावेत. आता सुरक्षित उंची म्हणजे किती, ते काही भोंगा बोलला नाही. म्हटलं, पाण्याची इंजिनियर घरातलीच आहे, परक्याला कशाला विचारा." ती म्हणाली, मी सांगते, त्याला जरा थांबव. "किती थांबवू? तो रोजावर आहे. एक आकडा तर सांगायचाय," मामा म्हणाला, आणि भिंत फोडण्याचा आवाज वाढला तसा त्यानं फोन ठेवून दिला.

एक आकडा. आकडा तिच्याकडे होता, दोन दशांश स्थळांपर्यंत होता. 'सुरक्षित उंचीवर' हे शब्दसुद्धा तिचेच होते. मागच्या महिन्यात एका दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, तिनंच ते अहवालाच्या परिशिष्टात टाइप केले होते: वरच्या काठावर पूरभिंत बांधण्याचा पर्याय स्वीकारल्यास खालच्या काठावरील रहिवाशांनी विजेची उपकरणे सुरक्षित उंचीवर बसवून घ्यावीत. स्वीकारल्यास. पर्याय अजून कुणी स्वीकारला नव्हता. तो उद्या समितीसमोर मांडायचा होता, इतर पर्यायांच्या शेजारी, सारख्याच रुंदीच्या रकान्यात, आणि समिती तोलूनमापून निवडणार होती. आणि भोंगा आज सकाळीच फिरला होता. म्हणजे निकाल आधी लागला होता आणि पेपर उद्या लिहायचा होता. ती पाण्याच्या यंत्राशेजारी उभी राहिली. यंत्राखालच्या तबकात कुणाचं तरी सांडलेलं पाणी साचलं होतं, त्यावर एक कागदी पेला कलंडून तरंगत होता. तिनं तो उचलला आणि मुठीत असा चुरगळला की मनगटावरून पाणी बाहीत गेलं. राग असा बाहीतून वर चढतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिची ख्याती शांत म्हणून होती. शांत माणसांना लोक अवघड वाक्यं लिहायला देतात.

ती परत आत जाऊन बसली. पडद्यावर तोच तक्ता होता. साहेब आणि खर्चाचा हिशेब बघणारा गृहस्थ रंगांवरून वाद घालत होते. भिंतीचा रकाना हिरवा असावा की निळा. तीन पर्याय होते. वरच्या काठावर भिंत. शहराला वळसा घालून पुराचं पाणी नेणारा बोगदा. आणि तिसरा, तिचा लाडका, नदीला तिची जुनी जागा परत देण्याचा: नदी शहरात शिरण्याआधी जिथे पूर्वी कुरणं होती आणि आता गोदामं आणि गाड्यांचे तळ आहेत, ती जमीन मोकळी करून पाण्याला तिथे पसरू द्यायचं. प्रत्येकाला पाच कसोट्यांवर गुण, प्रत्येक कसोटीला वजन, गुणाकार, बेरीज. ऐकायला हे दूध का दूध, पाणी का पाणी वाटतं. पण या धंद्यातली गंमत बाहेर कुणाला सांगून खरी वाटणार नाही. आधी बेरीज बघतात आणि मग वजनं ठरवतात. खर्चाला एवढं, वेळेला एवढं, जमिनीला एवढं, आणि 'लोकांवरील परिणाम' या कसोटीला भाजीत मीठ पडावं तेवढं. तिनं एकदा, कुणी सांगितलं नसताना, ते मीठ वाढवून बघितलं होतं. भिंत पहिल्या क्रमांकावरून घसरून तिसरी आली होती. तेव्हा तिनं फाईल बंद केली होती आणि घरी जाऊन दिवाणखान्याचे पडदे धुतले होते.

या सगळ्यांच्या आधी आणखी एक रकाना असतो. असायलाच हवा, तसा नियम आहे: 'काहीच केलं नाही तर.' धंद्यात त्याला शून्य पर्याय म्हणतात आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो असतो. सगळे त्याला ओलांडून आत जातात. पण मोजमाप त्याच्यापासून करायचं असतं. काहीच केलं नाही तर मोठ्या पुरात खालच्या काठावर पाणी कमरेपर्यंत येतं. भिंत बांधली तर वरच्या काठावर पसरणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही, ते समोर ढकललं जातं, आणि खालच्या काठावर हनुवटीपर्यंत येतं. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की आंधळ्यालाही दिसावं. म्हणून ते शेजारी नव्हते. "रकाने मावत नाहीयेत," साहेब मागच्या आठवड्यात म्हणाले होते, "शून्य परिशिष्टात टाक." ते रागावूनही म्हणाले नव्हते, डोळाही मिचकावला नव्हता, चष्मा पुसत म्हणाले होते. आणि तिनं टाकला होता. एका बोटाचं काम.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर तिच्या नोकरीतच तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा मामा दोन रात्री दुकानाच्या माळ्यावर बसून होता आणि खाली त्यानं जन्मभर रंगवलेल्या, गिऱ्हाइकांनी कधी न नेलेल्या पाट्या एकमेकींवर आपटत फिरत होत्या. मामा पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि धंदा बसला, तोवर या शहरातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरात बोलत होती. आई नोकरीला जायची, म्हणून शाळा सुटली की ती मामाच्या दुकानात. तिथे टर्पेंटाइनचा वास असायचा, ओल्या तैलरंगाचा, आणि मामाच्या खाकरण्याचा. तिला रेघ मारायला पट्टी लागायची. दप्तरात नसली तर ती रडायची, म्हणून मामानं नाव ठेवलं पट्टी. तो स्वतः हातानंच रेघ मारायचा, शिडीवर उभा राहून, श्वास धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती एवढी सरळ यायची की पट्टीला लाज वाटावी. "ब्रशकडे बघायचंच नाही," तो शिकवायचा, "जिथे पोचायचंय तिथे बघायचं. हात आपोआप जातो." तिला कधी जमलं नाही. आत्ता पडद्यावरच्या तक्त्याकडे बघताना तिच्या मनात आलं, साहेबांना मात्र पक्कं जमलंय. जिथे पोचायचं तिथे बघतात, हात आपोआप जातो. आणि मामाची विद्या या माणसाच्या नावावर लावल्याबद्दल तिला स्वतःचीच चीड आली.

"साहेब," ती म्हणाली, "सकाळी खालच्या काठावर भोंगा फिरला. बोर्ड उंच करा म्हणून."

खर्चाचे गृहस्थ लॅपटॉपमध्ये शिरले. साहेबांनी चष्मा काढला. "फिरवला का? जरा लवकरच फिरवला त्यांनी."

"लवकर? म्हणजे फिरणार होताच."

"हे बघ, ठरलेलं काही नाहीये. आणि समज ठरलंय. चुकीचं ठरलंय का, ते सांग. मी तुझ्याच मॉडेलवर बोलतोय." ते बोटं मोडत नव्हते, आवाज चढवत नव्हते. "वरच्या काठावर इस्पितळ आहे. पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, ते बुडलं तर दोन्ही काठ महिनाभर गढूळ पितील. तुझ्या मामांचा नळसुद्धा तिथूनच येतो. बोगदा? पाच पावसाळ्यांत गाळानं भरेल, हे तूच लिहिलंस. गोदामं हलवायला किती वर्षं लागतील, मला सांग. तोवर लोकांनी काय करायचं, आभाळाकडे बघत बसायचं?"

यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि तिचं रक्त उकळायचं खरं कारण तेच होतं. माणूस लुच्चा असता तर सोपं गेलं असतं. लुच्च्यावर ओरडता येतं, घरी जाऊन जेवता येतं. हा माणूस तिला कामावर घेणारा, तिच्या आईच्या आजारपणात न मागता रजा देणारा, पावसाचे आकडे बघून खरोखर रात्र रात्र न झोपणारा होता. भिंत बांधावी असं तिला स्वतःलाही दहांतून सहा दिवस वाटायचं. मग राग कशाचा? ती स्वतःला विचारत राहिली, आणि उत्तर दर वेळी त्याच जागी येऊन थांबत होतं, चष्मा पुसत म्हटलेल्या त्या वाक्यापाशी.

"मग पहिला रकाना का काढला?"

"काढला नाही. परिशिष्टात आहे."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"ज्याला वाचायचंय तो," साहेब म्हणाले. "उद्याची बैठक खुली आहे. कुणीही येऊन बसावं, विचारावं. आजवर त्या खुर्च्यांवर कोण येऊन बसलंय? कुणी नाही." मग समजुतीच्या सुरात, "जेवून घे जरा. संध्याकाळपर्यंत अंतिम प्रत पाठव."

ती जेवायला म्हणून खाली उतरली आणि पुलाकडे चालू लागली. पुलावर वारा होता. नदी उन्हाळ्यातली, हडकलेली, मधोमध एक प्लॅस्टिकची खुर्ची अडकलेली. हिच्यावर एवढी माणसं एवढे तक्ते करत असतील असं कुणी म्हटलं असतं तर हसू आलं असतं. वरच्या काठावर काचेच्या इमारती दुपारचं ऊन खालच्या काठाच्या डोळ्यांत मारत होत्या. ती राहायची त्यांच्यामागेच, सहाव्या मजल्यावर. पूर ओसरल्यावर मामा महिनाभर तिच्याकडे राहिला होता. मोरीतल्या नळांना तोट्या नसून दांडे आहेत, खिडकी उघडत नाही, बाहेर पाटी वाचायला मिळत नाही, अशी रोज एक तक्रार काढून, शेवटी एका सकाळी पिशवी घेऊन निघून गेला. ती अडवायला गेली तर म्हणाला, "तुझं घर चांगलं आहे गं. पण इथून माझं घर दिसतं." त्या वेळी तिला ती त्याची नेहमीची वाकडी चाल वाटली होती. आता पुलाच्या मध्यावर उभं राहून तिनं मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि मामा काय म्हणाला होता ते तिला आत्ता कळलं.

खालच्या काठावर गल्लीभर ड्रिलची घरघर चालली होती. लोकांनी भोंग्याचं ऐकलं होतं. लोक नेहमी ऐकतात. मामाच्या खोलीत भिंतीला वरपासून खालपर्यंत खाचा मारलेल्या, वायरी लोंबकळलेल्या, पलंगावर जुन्या वर्तमानपत्रांचं पांघरूण, आणि त्या धुळीत मामा स्टुलावर बसून कंगवा फिरवत होता. म्हणजे कंगवा छातीशी धरून त्याखालून डोकं फिरवत होता. जन्मभर शिडीवर हात वर धरून धरून उजवा खांदा केव्हाच धरला होता. डावाही आता त्याच वाटेला लागला होता. हात छातीपर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे.

"आली बघ आमची इंजिनियर," मामा वायरमनला म्हणाला. "फोनवर आकडा सांगवेना, म्हणून चालत घेऊन आलीय."

वायरमन कानावरची पेन्सिल काढत म्हणाला, "ताई, सगळी गल्ली छातीच्या वर लावून घेतेय. पलीकडच्यांनी तर पार छताखाली लावले. आता दिवा लावायला स्टूल घेतात."

"मला स्टुलानंही भागायचं नाही," मामा म्हणाला. "पूर आला की सगळे हात वर करतात. मला नेमकं तेवढंच येत नाही." आणि स्वतःच्या विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला.

तिला हसू आलं नाही. परिशिष्टात ते वाक्य टाइप करताना तिच्या डोळ्यांसमोर कुणाचा खांदा आला नव्हता, मामाचासुद्धा नाही, आणि हे आठवून तिला आपल्याच कानफटात मारावीशी वाटली. "पेन्सिल द्या," ती वायरमनला म्हणाली. "आणि ती लेव्हल. मामा, ऊठ. भिंतीला टेकून उभा राहा."

"फोटो काढतेस?"

"उभा राहा म्हणते ना!"

मामा उभा राहिला. तिनं पिशवीतून टेप काढला, जमिनीपासून मोजलं, लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबली आणि रेघ मारली. रेघ मामाच्या हनुवटीखालून गेली. दाढीचे पांढरे खुंट पेन्सिलीला लागले तसा तो शहारला. "ही रेघ, पलीकडे पूरभिंत बांधली तर," ती म्हणाली. मग ती वाकली, पुन्हा मोजलं, आणि त्याच्या कमरेशी दुसरी रेघ मारली. "ही नाही बांधली तर. मागच्या वेळी आलं होतं तेवढंच."

मामा बाजूला झाला. पाटी पुरी झाल्यावर जसा चार पावलं मागे सरून, मान तिरपी करून बघायचा, तसा बघत राहिला. बाहेरची घरघर मधेच थांबली होती. वायरमन उगाच वायर गुंडाळू लागला.

"म्हणजे कमरेपर्यंतचं आभाळाचं," मामा शेवटी म्हणाला. दोन रेघांच्या मधल्या जागेवर त्यानं तळवा ठेवला. "आणि हे एवढं तुमचं."

"मामा, तिकडे इस्पितळ आहे." आपण साहेबांच्या आवाजात बोलतोय हे तिला ऐकू येत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं. "पाण्याचं केंद्र आहे. ते बुडलं तर तुझ्याच नळाला—"

"मग वाचवा ना! मी कुठे म्हटलं इस्पितळ बुडवा?" मामाचा आवाज चढला. त्याचा चढलेला आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता; तो फाटका होता, पण मोठा होता. "मला कुणी येऊन विचारलं? की बाबा, तिकडे आजारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी तू एवढं पाणी जास्त घेशील का? विचारलं असतं तर कदाचित हो म्हणालो असतो. म्हणालो असतो, घेतो, पण मला आधी हलवा, दुसरीकडे चार भिंती द्या, मग बांधा. बोललो असतो चार गोष्टी. गाडीवर भोंगा लावून काय सांगता? बटणं वर घ्या! मी काय माकड आहे?"

"तू नाहीस. मी सांगते, तू—"

"तू तिथे होतीस ना पट्टी? हे ठरत होतं तेव्हा?"

"होते."

मामानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली, भिंतीकडे गेला, आणि कोपर अंगाशी ठेवून, श्वास धरून, खिडकीपासून दारापर्यंत एक रेघ ओढली. कमरेच्या रेघेच्या चार बोटं वर, हनुवटीच्या रेघेच्या पुष्कळ खाली. पट्टी नाही, लेव्हल नाही. तरी रेघ सरळ आली. "बोर्ड इथे लाव," तो वायरमनला म्हणाला.

"काका, हा तर बुडणार," वायरमन म्हणाला. "ताईंनी आत्ताच दाखवलं ना."

"वर लावला तर मी मान्य केलं असं होतं. मी काही मान्य केलेलं नाही. माझा हात पोचतो तिथे माझा दिवा. पाणी त्याच्या खाली ठेवायचं काम यांचं." त्यानं पेन्सिल तिच्याकडे न बघता तिच्याकडे केली. "शिकलीयस ना तेवढ्यासाठी?"

तिनं पेन्सिल घेतली. डोळे धुळीनं चुरचुरत होते. धुळीनंच, असं तिनं ठरवलं. तिसरा पर्याय तिच्या डोक्यात पुन्हा मांडला जाऊ लागला, या वेळी उलट्या टोकाकडून: भिंत हवी तर हवी, पण एवढी उंच नको, वरच्या कुरणांतली निदान गाड्यांच्या तळांची जमीन आधी मोकळी करायची, पाणी या रेघेच्या खाली राहील इतपतच भिंत, त्याहून एक वीटही जास्त नाही. खर्च वाढेल. वेळ वाढेल. सुटेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण गणिताला पहिल्यांदा एक बाजू पक्की मिळाली होती, आणि ती कुणी चष्मा पुसत दिलेली नव्हती.

फोन वाजला. साहेब होते. "पाठवतेयस ना? समितीवाले दोनदा विचारून गेले."

"पाठवते. शून्याचा रकाना परत पहिल्या जागी घालून पाठवते."

"अगं, ते आपलं बोलणं झालंय. असं कर, उद्या तू नकोच उभी राहू. मीच मांडतो."

"मांडा. मग मी समोर बसते, त्या रिकाम्या खुर्च्यांवर. मामाला घेऊन येते."

"डोकं शांत ठेव. कुठे आहेस तू? त्या बाजूला पाणी नक्की किती येतं म्हणून लिहिलंस?"

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ती आणि मामा एकाच उंचीचे होते. हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. "हनुवटीपर्यंत," ती म्हणाली.

"मीटरमध्ये बोल."

"हनुवटीपर्यंत, साहेब. तक्त्यात तसंच लिहिणारेय."

"काय? ऐकू येत नाहीये. आकडा सांग, आकडा!"

वायरमननं मामाच्या रेघेवर ड्रिल टेकवून सुरू केलं होतं, आणि आता तिला ओरडूनच बोलावं लागत होतं.